पोरीच्या हाताला नऊ एमएमचा झटका झेपत नाही? आधी हिशेब तर मांडा

पोलीस भरतीची चाहूल लागली की बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, मोताळा, देऊळगाव राजाच्या बाहेरचे रस्ते पहाटे पाचलाच जागे होतात. मुले १६०० मीटर पळतात, मुली ८०० मीटर. शंभर मीटर आणि गोळाफेक दोघांनाही आहे. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. पन्नास गुणांच्या या मैदानी चाचणीत सेकंदही मोजला जातो आणि सेंटीमीटरही. उंची अर्धा सेंटीमीटर कमी भरली म्हणून परत आलेले पोरगे किंवा पोरगी बहुतेक गावांत सापडेल.

मोजमापाची ही शिस्त पिस्तुलाचा विषय निघाला की गायब होते. तिथे अंदाज चालतो. ‘नऊ एमएम म्हणजे मोठं हत्यार, पोरीच्या हाताले झेपते का थे?’ हा प्रश्न पारावर विचारला जातो आणि जरा शुद्ध भाषेत वर्दीतही.

प्रश्न साधा वाटला तरी त्याचे परिणाम साधे नाहीत. राज्याच्या पोलीस भरतीत महिलांसाठी ३० टक्के जागा आहेत. शिपायाच्या हाती आधी येते ती रायफल. पिस्तूल येते ते पुढे, उपनिरीक्षक झाल्यावर किंवा अंगरक्षक, विशेष पथक अशा नेमणुकीत. ‘हिला झटका झेपत नाही’ असा शिक्का प्रशिक्षणातच बसला, तर अशा नेमणुकांचे दार कुणी बंद न करताच लोटले जाते. शिवाय मुलीही तो शिक्का खरा मानू लागतात. हे अधिक वाईट.

या समजुतीत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. बोअर मोठा म्हणजे झटका मोठा, झटका मोठा म्हणजे नेम वाईट आणि हात लहान म्हणजे उपाय नाही. तिन्ही तपासून पाहता येतात, कारण यातला बराचसा भाग शाळेच्या भौतिकशास्त्राचा आहे.

झटका येतो कुठून?

गतीचे नियम शिकवताना बंदूक आणि गोळीचे उदाहरण हमखास येते. गोळी पुढे जाते तितक्याच संवेगाने बंदूक मागे येते. गोळीचे वजन, तिचा वेग आणि तिच्यामागून नळीतून सुटणारा जळत्या दारूचा वायू, या तिघांवर मागे येणारा संवेग ठरतो. तो किती ऊर्जेने हातावर आदळेल, हे शस्त्राच्या वजनावर अवलंबून असते. तेच काडतूस, पण शस्त्र निम्म्या वजनाचे, तर झटक्याची ऊर्जा दुप्पट.

या गणितात बोअर नावाची राशी कुठेच नाही.

बोअर किंवा कॅलिबर म्हणजे नळीचा, पर्यायाने गोळीचा व्यास. .२२, .३२, .४५ हे इंचातले आकडे, तर ७.६५ आणि ९ हे मिलिमीटरमधले. बातम्यांत येणारे ‘७.६५ पिस्तूल’ आणि ‘बत्तीस बोरचे पिस्तूल’ यांचा व्यास एकच असतो, फक्त मोजपट्टी वेगळी. व्यासावरून ताकद ठरवणे किती फसवे आहे, याचे उदाहरण पोलिसांच्याच शस्त्रागारात सापडते. खेळातल्या .२२ पिस्तुलाची गोळी आणि इन्सास रायफलची ५.५६ मिमीची गोळी जवळजवळ सारख्याच जाडीची असते. इन्सासच्या गोळीची ऊर्जा मात्र दहापटीहून अधिक.

नऊ मिलिमीटरच्या आसपासच्या जाडीची तर अख्खी भावंडेच आहेत. .३८० एसीपी, ९ एमएम पॅराबेलम, .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम. जाडी सारखी असली तरी स्वभाव फार वेगळे. पहिल्याचा झटका अडीच ज्यूलच्या आसपास, तर शेवटच्याचा सव्वा किलोच्या दणकट रिव्हॉल्व्हरमध्येही आठ ज्यूलच्या आसपास जातो.

ज्यूल म्हणजे हाताला किती?

एक किलो साखरेची पिशवी दहा सेंटीमीटरवरून तळहातावर सोडली, तर साधारण एक ज्यूल ऊर्जा हातावर येते. पिस्तुलाचा झटका याहून फार कमी वेळात संपतो, त्यामुळे तो अधिक टोचतो, पण कल्पना येण्यापुरती ही तुलना ठीक आहे. पुढचे आकडे कारखान्यात तयार होणाऱ्या नेहमीच्या काडतुसांचा वेग आणि गोळीचे वजन धरून काढलेले आहेत. काडतूस बदलले की ते थोडे वरखाली होतात.

स्पर्धेतले सुमारे ११०० ग्रॅमचे .२२ पिस्तूल घेतले, तर झटका सुमारे ०.३ ज्यूल. साखरेची पिशवी तीन सेंटीमीटरवरून. पोलिसांकडचे एक किलोच्या आसपासचे ९ एमएम पिस्तूल घेतले, तर चार ज्यूलहून किंचित जास्त. म्हणजे तीच पिशवी जेमतेम दीड फुटावरून. सव्वा किलोच्या पिस्तुलात .४५ चे जाड काडतूस असेल, तर सहा ज्यूलच्या आसपास. इथवर बोअर वाढला तसा झटका वाढला, हे खरे.

आता ९ एमएमचेच काडतूस ६०० ग्रॅमच्या, खिशात मावणाऱ्या छोट्या पिस्तुलात घाला. झटका सात ज्यूलवर जातो. दिसायला नाजूक असलेले हे पिस्तूल त्या धिप्पाड .४५ ला मागे टाकते.

हातात धरल्यावर हलके वाटणारे शस्त्र चालवायलाही सोपे असेल, असे कुणालाही वाटेल. इथे उलटे आहे. याचा सर्वांत बोलका नमुना आपल्याच देशात तयार झाला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१४ च्या सुरुवातीला कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. महिलांसाठी, पर्समध्ये मावेल असे, वजन अवघे ५०० ग्रॅम, किंमत सुमारे सव्वा लाख रुपये. किमतीवर आणि महिलांच्या सुरक्षेची जबाबदारी महिलांच्याच पर्समध्ये टाकण्यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण त्या गदारोळात भौतिकशास्त्राचा मुद्दा बाजूला राहिला. तेच काडतूस ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडले, तर झटका सुमारे दीड ज्यूल बसतो. ५०० ग्रॅमच्या निर्भीकमध्ये तो दोन ज्यूलच्या थोडा पुढे जातो. म्हणजे महिलांसाठी म्हणून हलके केलेल्या शस्त्राने त्यांच्याच हाताला ४० टक्के जास्त धक्का देऊ केला. .३२ चे काडतूस मुळात सौम्य असल्याने तो सहन होण्याजोगाच आहे. पण ‘नाजूक हाताला हलके हत्यार’ हा विचारच उफराटा आहे.

याच नियमाची भयानक बाजू जिल्ह्याच्या उत्तरेला दिसते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांना सातपुड्यात मध्य प्रदेशची हद्द लागते आणि देशी पिस्तुले, कट्टे पकडल्याच्या बातम्या या भागाला नव्या नाहीत. काही कट्ट्यांत .३१५ बोअरचे, म्हणजे मुळात तीन-साडेतीन किलोच्या रायफलीसाठी असलेले काडतूस वापरले जाते. रायफलीला खांदा असतो, वजन असते आणि तो दाब पेलणारे पोलाद असते. कट्ट्याला यातले काहीच नसते. मनगटावर बसणाऱ्या धक्क्याची गोष्ट तर पुढची, त्याआधी नळीच हातात फुटू शकते. समाजमाध्यमांवर कट्टा घेऊन ‘भाईगिरी’चे रील टाकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

कागदावरचा झटका आणि हातातला झटका

ज्यूल हा अर्धाच हिशेब झाला. सारख्याच ऊर्जेची दोन शस्त्रे हाताला वेगळी लागतात.

रिव्हॉल्व्हरमध्ये मागे सरकणारा भाग नसतो. सगळा धक्का एकदम तळहाताच्या खोबणीत येतो. पिस्तुलात वरची स्लाइड मागे सरकते, स्प्रिंग दबते आणि तोच संवेग थोड्या जास्त वेळात वाटला जातो. धक्का कमी होत नाही, पण पसरतो. त्यामुळे एकाला तो ‘टोचणारा’ वाटतो आणि दुसऱ्याला ‘ढकलणारा’. दुसरी गोष्ट नळीच्या उंचीची. नळी मुठीच्या जितकी वर, तितकी ती मनगटाला तरफेसारखी फिरवते आणि तोंड वर उडते. तिसरी गोष्ट आवाजाची. पिस्तुलाचा बार दीडशे डेसिबलच्या पुढे जातो. कानाला संरक्षण नसेल तर मेंदू आवाज आणि धक्का यांची बेरीज करून एकच ‘दणका’ नोंदवतो. शेतात बाराबोर चालताना नुसते शेजारी उभे असलेलेही दचकतात. त्यांच्या खांद्याला काय लागलेले असते?

आणि चौथी गोष्ट मुठीची. खरी अडचण इथे आहे. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे आपल्या दलांचे जुने ९ एमएम पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीवर आहे. त्याच्या मुठीत तेरा गोळ्यांची दुहेरी रांग बसवलेली आहे. साहजिकच मूठ जाड. लहान हाताच्या माणसाला, मग तो पुरुष असो की बाई, ट्रिगरपर्यंत बोट पोचवायला पिस्तूल हातात थोडे फिरवून धरावे लागते. मग नळी हाताच्या रेषेत राहत नाही. धक्का तळहाताच्या मध्यावर न बसता अंगठ्याच्या बुडाशी बसतो आणि चार ज्यूल सात-आठ ज्यूलसारखे वाटू लागतात. बाहेरून पाहणारा म्हणतो, ‘बघा, झेपत नाही.’ न झेपणारी गोष्ट झटका नसून मूठ आहे, हे त्याला दिसत नाही. नव्या बनावटीच्या अनेक पिस्तुलांत मुठीच्या मागची पट्टी बदलता येते. हाताच्या मापाप्रमाणे छोटी किंवा मोठी लावायची. बूट ६ नंबरचा की ९ नंबरचा, हे विचारल्याशिवाय वर्दीचे बूटही मिळत नाहीत. पिस्तुलाच्या मुठीला तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

मोठ्या फौजांनाही हा घाट चढता आला नाही

‘झटका झेपत नाही’ ही मुलींची खास अडचण आहे असे मानणाऱ्यांनी ब्रिटिश सैन्याकडे पाहावे. पहिल्या महायुद्धात त्यांच्याकडे .४५५ बोअरचे वेब्ली रिव्हॉल्व्हर होते. शस्त्र भरवशाचे, पण नव्याने भरती झालेल्या धडधाकट पुरुषांना थोड्या दिवसांत ते नीट चालवायला शिकवणे जड गेले. युद्धानंतर त्यांनी मुद्दाम छोटा बोअर निवडला आणि १९३२ मध्ये .३८ चे एनफिल्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारले. कारण स्पष्ट होते. हलके, शिकायला सोपे.

अमेरिकेच्या एफबीआयने तर या रस्त्यावर जाऊन-येऊन तीस वर्षे घालवली. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत त्यांचे दोन अधिकारी मारले गेले. ९ एमएमची गोळी पुरेशी खोल गेली नाही, असा निष्कर्ष निघाला आणि मोठ्या काडतुसाचा शोध सुरू झाला. आधी १० एमएम आले. त्याचा झटका जास्त म्हणून त्याची दारू कमी केली. कमी दारूला लांब काडतूस कशाला, म्हणून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू हे आखूड काडतूस जन्माला आले. शेवटी २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने लेखी मांडले की बहुतेक अधिकारी .४० पेक्षा ९ एमएमने जास्त लवकर आणि जास्त अचूक मारतात. प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या झाडलेल्या गोळ्यांपैकी सरासरी २० ते ३० टक्केच लागतात, हेही त्यात नमूद होते. त्यानंतर ते ९ एमएमवर परतले. एफबीआयसारखे दल ज्या काडतुसाला सोपे म्हणून परत आले, तेच काडतूस आपल्याकडे ‘पोरींना जड’ ठरते.

थोडे आपल्याकडचेही पाहू. एसएलआर रायफलचा झटका सुमारे १५ ज्यूलचा. महिला प्रशिक्षणार्थी तो खांद्यावर घेतात, निळ्या पडलेल्या खांद्याने दुसऱ्या दिवशी परेडला उभ्या राहतात आणि त्याबद्दल कुणी शंका घेत नाही. खांदा आणि मनगट यांची थेट तुलना होत नाही, हे मान्य. तरी ज्या मुलीने १५ ज्यूल घेतले, तिला चार ज्यूलची भीती घालताना थोडा विचार करायला हवा.

गोळी तर आधीच गेलेली असते

झटक्याबद्दलची सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट वेळेची आहे. ९ एमएम पिस्तुलात दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडायला एक मिलिसेकंदही लागत नाही. तेवढ्या वेळात किलोभराचे पिस्तूल जेमतेम एक मिलिमीटर मागे सरकलेले असते. दणक्याने पापणी मिटायलाही त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. नळी वर उडालेली दिसते, तोवर गोळी लक्ष्यापर्यंत पोचलेली असते.

म्हणजे पहिल्या गोळीचा नेम झटका बिघडवत नाही. बिघडवते ती झटक्याची वाट पाहणे. ट्रिगर दाबताना मेंदू आधीच मूठ आवळतो, मनगट खाली ढकलतो, डोळे मिटतो. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या मग डावीकडे खाली जातात. झटका लागतो तो पुढच्या गोळ्यांना, नळी पुन्हा लक्ष्यावर आणण्याच्या वेगात. तिथे बोअरचा, वजनाचा फरक नक्की पडतो. २५ मीटर रॅपिड फायर या ऑलिम्पिक प्रकारात चार सेकंदांत पाच लक्ष्ये मारावी लागतात. तिथे वर्षानुवर्षे .२२ शॉर्ट हे नावाप्रमाणेच आखूड काडतूस चालत असे. २००५ पासून नियम बदलून .२२ लाँग रायफल सक्तीचे झाले. फरक ज्यूलच्या अंशाचा, पण जगातल्या अव्वल पुरुष नेमबाजांचे गुण घसरले. पुढे सरावाने ते वर आले.

कोल्हापूरची राही सरनोबत ज्या प्रकारात खेळते, तो २५ मीटर पिस्तूलही .२२ चाच. २०१३ मध्ये चांगवॉनला विश्वचषकात सुवर्ण, २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पिस्तुलाच्या खेळातली वाट बहुधा झटकाच नसलेल्या एअर पिस्तुलापासून सुरू होते, मग .२२, आणि पुरुषांच्या सेंटर फायर प्रकारात .३२. पायरी-पायरीने. खेळात जे उघड शहाणपण मानले जाते, ते पोलीस प्रशिक्षणात ऐच्छिक का असावे? पहिल्याच दिवशी कानावर काही न लावता ९ एमएम हाती दिले आणि मोजक्या गोळ्यांत पास-नापास ठरवले, तर त्यातून भीती तेवढी शिकवली जाते.

बुलढाण्याला हे समजायला कोल्हापूरपर्यंत जायचीही गरज नाही. इथल्या प्रथमेश जावकारने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात कंपाउंड धनुर्विद्येचे सुवर्ण जिंकले आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण. धनुर्धारीही एका भीतीशी झुंजतात. बाण सुटण्याच्या क्षणाची घाई होते आणि लक्ष्य मध्यावर यायच्या आतच बोट दाबले जाते. इंग्रजीत तिला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. धनुष्यात बार नाही, दणका नाही, तरी ही सवय लागते. तिच्यावरचा उपायही पिस्तुलासारखाच. जवळचे लक्ष्य, रिकामा सराव आणि सुटण्याच्या क्षणाकडे दुर्लक्ष करायची सवय. दंडाच्या जाडीशी त्याचा संबंध नाही.

यासाठी फार खर्च लागतो असेही नाही. काडतुसे महाग असतात, फायरिंग रेंज रोज मोकळी नसते, या अडचणी खऱ्या आहेत. पण रिकाम्या पिस्तुलाच्या सरावाला, म्हणजे ड्राय प्रॅक्टिसला, एकही गोळी लागत नाही. कानाचे मफ एकदाच घ्यावे लागतात. आणि एक जुनी युक्ती आहे. उस्तादाने मॅगझिन भरताना खऱ्या गोळ्यांत एखादी डमी मिसळायची, कितवी ते सांगायचे नाही. डमीवर ट्रिगर दाबला की बार होत नाही, झटका येत नाही, पण भीती बसलेली असेल तर नळी तरीही खाली झुकते. सगळ्यांना दिसते. मारणाऱ्यालाही. मग कोण झटक्याला घाबरते, याचा अंदाज बांधावा लागत नाही आणि वहीत ‘पुरुष’, ‘महिला’ असे वेगळे रकाने आखायचीही गरज पडत नाही. शेजारी अकोल्याला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, जालन्यालाही प्रशिक्षण विद्यालय आहे. या चाचणीची नोंद प्रत्येक तुकडीची ठेवली, तर वर्षभरात कुणाला किती झेपते याची राज्याची स्वतःची आकडेवारी तयार होईल.

तोवर ज्या मुली यंदा गोळाफेकीचा सराव करत आहेत, त्यांच्यासाठी एवढेच. पिस्तूल हाती आले की आधी बोट ट्रिगरवर सरळ पोचते का ते पाहा आणि नळी, मनगट, कोपर एका रेषेत येत नसेल तर उस्तादांना तेव्हाच सांगा. मूठ स्लाइडच्या शक्य तितकी जवळ धरा, मात्र अंगठा स्लाइडच्या वाटेत ठेवू नका. दुसऱ्या हाताने मूठ पूर्ण झाका. कान झाकल्याशिवाय पहिला बार करू नका.